कुठले नंबर राहिलेत?

कार्डं जमवणाऱ्या दोन माणसांची गाठ पडली की नावगावाची चौकशी नंतर होते. आधीचा प्रश्न ठरलेला असतो : "कुठले नंबर राहिलेत?" मग पाकिटातून, पर्समधून, फोनच्या कव्हरमागून एक कागद निघतो. त्यावर नुसते आकडे. काही खोडलेले, काहींभोवती गोल. समोरचा माणूस चष्मा वर-खाली करत तो कागद वाचतो आणि तेवढ्यात त्याला माझ्याबद्दल बरंच कळून जातं. मी या नादाला नुकतीच लागले आहे की मुरलेली आहे, घाईची आहे की सवडीची, कुठली महागडी कार्डं मी शेवटासाठी ठेवली आहेत. ओळख करून घेण्याची ही रीत मला फार आवडते.

मी जमवते ती बेसबॉलची कार्डं. त्यातही एकाच सालची, १९७५ची, टॉप्स कंपनीनं काढलेली. न्यू जर्सीत आले तेव्हा बेसबॉल माझ्यासाठी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर उन्हाळाभर चालू असलेला खेळ होता. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला त्याचे नियम कळायला फार दिवस लागत नाहीत. गोडी लागायला मात्र काहीतरी धरायला लागतं. मला आकडे सापडले. गावसकरची सरासरी तोंडपाठ असलेल्या घरात मी वाढले, आणि बेसबॉलवाल्यांचं आकड्यांचं वेड आपल्यापेक्षा काकणभर सरसच. घरातल्या जुन्या वस्तू विकायला मांडलेल्या एका गराज सेलमध्ये बुटाच्या खोक्यात ठेवलेली जुनी कार्डं चाळताना मी फोटो सोडून मागची बाजूच वाचत बसले. साल, संघ, सामने, धावा, सरासरी, सगळं बारीक अक्षरात. खेळ मला कळला तो कार्डाच्या पाठीकडून.

ज्यांनी ही कार्डं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच असा पुठ्ठ्याचा तुकडा. १९५७ पासून टॉप्सनं हेच माप ठेवलं आहे. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची कामगिरी. १९७५च्या कार्डांचं वैशिष्ट्य म्हणजे त्यांची किनार. वर एक रंग, खाली दुसरा. गुलाबीला जांभळा, पिवळ्याला लाल. नऊ-नऊ खणांच्या प्लास्टिकच्या पानात ती लावली की पान उजळून निघतं. पण रंग थेट कडेपर्यंत गेलेला असल्यामुळे जरा कुठे घासलं की खालचा पांढरा पुठ्ठा लगेच डोकावतो. म्हणून या सेटची अदलाबदल करणारी माणसं कार्ड हातात घेतल्यावर खेळाडूच्या चेहऱ्याकडे पाहत नाहीत. आधी चारही कोपरे बघतात, मग कार्ड दिव्याकडे तिरपं धरून कुठे दुमड पडली आहे का ते पाहतात, आणि मग म्हणतात, "अरे, हा तर रॉबिन याउंट!" याउंट म्हणजे पुढे फार नाव मिळवलेला खेळाडू.

हा सेट ६६० कार्डांचा. सुरुवात हँक ॲरनपासून होते आणि शेवटही त्याच्यावरच होतो. पहिलं कार्ड त्याच्या पराक्रमाचं. ८ एप्रिल १९७४ला त्यानं कारकिर्दीतला ७१५वा होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारून बेब रूथचा विक्रम मोडला, त्याबद्दलचं. आणि ६६०वं कार्ड मिलवॉकी ब्रुअर्सचा खेळाडू म्हणून, कारण त्या नोव्हेंबरात अटलांटाच्या संघानं त्याला तिकडे पाठवलं होतं. गंमत अशी की ही दोनच कार्डं चांगल्या स्थितीत मिळणं कठीण. मुलं कार्डं नंबरवार लावायची आणि गठ्ठ्याला रबरबँड घालायची. रबराचा काच सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या कार्डाला बसायचा. मधली साडेसहाशे माणसं सुखरूप, आणि दोन्ही टोकांना ॲरन मार खातोय. माझ्याकडच्या पहिल्या नंबराच्या डाव्या कडेला तशी एक खाच आहे. बोट फिरवलं की जाणवते. ते कार्ड बदलून त्याहून चांगलं घ्यायचं मला सुचवलं गेलं आहे. मी घेणार नाही. कुणा मुलानं त्याला वर ठेवलं होतं, ते मला त्या खाचेमुळेच कळतं.

अदलाबदल ही या छंदाची सोय म्हणून नंतर जोडलेली गोष्ट नव्हे, ती त्याच्या पोटातच आहे. कार्डं बंद पाकिटातून विकली जात. मेणकागदाचं पाकीट, आत कार्डं आणि गुलाबी बबलगमची एक कडक पट्टी. कुठला खेळाडू निघेल ते उघडल्याशिवाय कळायचं नाही. म्हणजे चार पाकिटं झाली की पाचव्यात डबल यायचंच. तुझे डबल माझ्या उपयोगाचे, माझे तुझ्या. खिशातल्या चिल्लरीवर सेट पुरा करायचा तर गल्लीतल्या दुसऱ्या मुलाशिवाय गत्यंतर नव्हतं. त्या पट्टीला चिकटून असलेल्या कार्डावर गमचा तेलकट डाग पडायचा, आणि जुनी माणसं अजूनही अशा कार्डाचा वास घेऊन पाहतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला टॉप्सनं पाकिटात गम घालणं बंद केलं. डाग थांबले, याचं ज्यांना वाईट वाटतं अशी माणसं मी पाहिली आहेत.

हे सगळं मला परकं वाटलं नाही. माझा मोठा भाऊ पोस्टाची तिकिटं जमवायचा. दुपारी जेवणं झाली की आमच्या ओटीवर तीन-चार मुलं वह्या घेऊन बसायची. 'माग्यार पोश्टा' असं लिहिलेलं हंगेरीचं त्रिकोणी तिकीट हवं असेल तर समोरच्याला दोन साधी द्यावी लागायची, कधी तीन. त्या तिकिटाची बाजारात किंमत काय याची ओटीवर कुणालाच कल्पना नव्हती. त्रिकोणी आहे आणि माझ्याकडे नाही, एवढ्यावर भाव ठरायचा.

अमेरिकेतल्या गल्लीबोळांतही भाव असाच ठरत असे, आणि तो बदलला त्याचं साल सांगता येतं. जिम बेकेट नावाचे संख्याशास्त्राचे प्राध्यापक स्वतः कार्डं जमवायचे. कुठलं कार्ड कितीला जातं याची माहिती त्यांनी देशभरातल्या जमवणाऱ्यांकडून मागवायला सुरुवात केली. त्यातून १९७९मध्ये किमतींचं पुस्तक निघालं आणि १९८४पासून मासिक. प्रत्येक कार्डापुढे दोन आकडे, कमीत कमी आणि जास्तीत जास्त भावाचे, आणि भाव चढला की उतरला ते दाखवणारा बाण. आता मुलं अदलाबदलीला बसताना मांडीवर मासिक घेऊन बसू लागली. बेकेटच्या कामाबद्दल मला आदर आहे. त्याआधी मोठी माणसं आणि थोराड मुलं लहानांना सर्रास गंडवायची. आठ वर्षांच्या पोराकडून मिकी मँटलसारख्या बड्या खेळाडूचं कार्ड घेऊन त्याच्या हातावर दहा साधी कार्डं ठेवायची. छापील भावानं त्या पोराला एक ढाल मिळाली, हे खरंच. पण त्याच आकड्यांनी दुसरंही एक केलं. एखाद्याला आपल्या आवडत्या संघाचा, कुणाला फारसा माहीत नसलेला कॅचर हवा असेल आणि त्यासाठी तो आनंदानं महागडं कार्ड द्यायला तयार असेल, तर आता तो मूर्ख ठरू लागला. मासिकात प्रत्येक कार्डाची किंमत होती. ते कुणाला किती हवं आहे, याला मासिकात रकाना नव्हता. आणि अदलाबदल होते ती त्याच रकान्यावर.

यावर मी अदलाबदलीच्या मेजाशी बसून खूप वाद घातले आहेत. माझं म्हणणं साधं आहे. दोघंही घरी जाताना "आपण जरा जास्तच मिळवलं" असं मनात म्हणत असतील तर तो व्यवहार चोख. पैशांच्या व्यवहारात हे बहुधा घडत नाही, कारण तिथे दोघं एकाच गोष्टीकडे पाहत असतात. अदलाबदलीत मी माझ्या रिकाम्या खणाकडे पाहते आणि समोरचा त्याच्या. म्हणून दोघांना एकाच वेळी फायदा होऊ शकतो, आणि तो दोन्हीकडे खरा असतो.

आता ज्याच्यावाचून हे सगळं उभंच राहिलं नसतं त्या माणसाबद्दल. जेफरसन बर्डिक. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावी विजेच्या सामानाच्या कारखान्यात हातानं सुटे भाग जोडणारा कामगार. एकटा राहणारा, ऐन उमेदीत संधिवातानं धरलेला. त्याला छापील कागदाच्या बारीकसारीक वस्तूंचा नाद होता. सिगारेटच्या पाकिटातली कार्डं, मिठाईबरोबर येणारी कार्डं, जाहिरातींची कार्डं, पोस्टकार्डं, सिगारवरची पट्टी, सगळंच. बेसबॉलची कार्डं त्यातला एक भाग. हे सगळं त्या काळी लोक फेकून देत. त्यातलं काय-काय छापलं गेलं, कुणी, कधी, एका मालिकेत किती, याची नोंद कुणाकडेच नव्हती. १९३७च्या सुमाराला त्यानं जमवणाऱ्यांसाठी एक छोटं पत्रक सुरू केलं आणि १९३९मध्ये पहिली सूची छापली. विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं असतील तर 'टी', एकोणिसाव्या शतकातली असतील तर 'एन', सुरुवातीच्या मिठाईवाल्यांची 'ई', आणि पुढे क्रमांक. जगात सगळ्यात प्रसिद्ध असलेलं बेसबॉल कार्ड म्हणजे होनस वॅग्नरचं. ते १९०९ ते १९११च्या दरम्यान निघालेल्या ज्या मालिकेतलं आहे तिला आजही 'टी-२०६' म्हणतात. ते नाव तंबाखू कंपनीनं दिलेलं नाही. ते बर्डिकनं दिलेलं आहे.

या क्रमांकांची थोरवी मला पत्रानं अदलाबदल करायला लागल्यावर कळली. समोरासमोर बसलात तर कार्ड दाखवून भागतं. पण सिराक्यूजमधल्या माणसाला कॅलिफोर्नियातल्या माणसाकडून कार्ड हवं असेल तर ते कुठलं, हे सांगणार कसं? "निळी टोपी घातलेला, डावीकडे बघणारा" असं लिहून चालत नाही. दोघांकडे एकच सूची हवी. बर्डिकनं ती दिली आणि एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं लिफाफ्यातून एकमेकांचे खण भरू लागली.

१९४७मध्ये त्यानं आपला सगळा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊ केला. तिथले मुद्राचित्र विभागाचे प्रमुख ए. हयात मेयर यांनी तो घेतला. कार्डं हप्त्याहप्त्यानं येऊ लागली. पुढे बर्डिक स्वतः न्यूयॉर्कला राहायला आला, विभागातल्या एका मेजावर बसून वाकड्या झालेल्या बोटांनी एकेक कार्ड अल्बमात चिकटवू लागला. तीन लाखांहून जास्त वस्तू, त्यांत तीस हजारांहून जास्त बेसबॉल कार्डं. जानेवारी १९६३मध्ये शेवटचं कार्ड लागलं. मार्चमध्ये तो गेला.

आजच्या जमवणाऱ्यांना खळीनं चिकटवलेली कार्डं म्हटलं की शहारा येतो. त्यांचा भाव त्यामुळे बुडतो. त्या अल्बमांमध्ये वॅग्नरही आहे. दुसरं एक टी-२०६ वॅग्नर २०२२मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं. बर्डिकचं कधीच विकलं जाणार नाही, आणि मला ते बरं वाटतं. म्युझियमच्या अमेरिकन विंगमध्ये त्याची कार्डं थोडी थोडी, आलटून-पालटून मांडलेली असतात. माझ्याकडे पाहुणे आले की मी त्यांना न्यूयॉर्क दाखवायला नेते आणि चित्रं-पुतळे झाले की हळूच त्या बाजूला वळते. नाशिकच्या माझ्या आतेनं काचेपलीकडची ती बोटभर चित्रं पाहून विचारलं होतं, "ही एकट्या माणसानं जमवली?" मी म्हटलं, नाही आत्या, पुष्कळांनी त्याला पाठवली. तिला ते पटलं. ती स्वतः वर्षानुवर्षं पाककृतींची कात्रणं बहिणींना टपालानं पाठवत आली आहे.

आई या व्यक्तीबद्दलही इथे एक शब्द बोलायला हवा. अमेरिकेतल्या साठीपुढच्या पुरुषांची एक ठरलेली तक्रार असते : "मी कॉलेजला गेलो आणि आईनं माझी कार्डं टाकून दिली." मेजावर ती कुणीतरी केल्याशिवाय बाजाराचा रविवार जात नाही. मला दर वेळी त्या आयांची बाजू घ्यावीशी वाटते आणि मी घेतेही. टाकायचं काम एकट्या आयांनी केलेलं नाही. टॉप्सचा साय बर्गर, ज्यानं ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर १९५२चा ४०७ कार्डांचा सेट आखला, त्यानंच १९६०मध्ये त्या सेटचा न खपलेला माल गोदाम मोकळं करण्यासाठी कचऱ्याच्या बार्जवर चढवून न्यू जर्सीच्या किनाऱ्यासमोर अटलांटिक समुद्रात सोडला. तीनशे ते पाचशे पेट्या, असं तो सांगायचा. त्यात ३११ ते ४०७ हे नंबर होते, जे त्या हंगामात उशिरा बाजारात आले आणि पडून राहिले. आणि ३११वा नंबर मिकी मँटल. २०२२च्या ऑगस्टमध्ये त्या नंबराचं एक कार्ड, कोपरे जागेवर असलेलं, एक कोटी सव्वीस लाख डॉलरला विकलं गेलं. ज्यानं बनवलं त्यालाच जर भरवसा नव्हता, तर खोली झाडणाऱ्या बाईला दोष देऊ नये.

आमचा बाजार भरतो तो गावातल्या फायरहाऊसच्या हॉलमध्ये, महिन्यातल्या एका रविवारी. लांब टेबलं, पुठ्ठ्याची लांबोडकी खोकी, एका कोपऱ्यात कॉफी. हॉलच्या मधल्या भागात विकणारे बसतात. आम्ही अदलाबदलवाले भिंतीकडेला. बायका कमी, आणि साडी सोडा पण पंजाबी ड्रेसातलीही मी एकटीच. त्यानं कधी काही अडलं नाही. हातात नंबरांचा कागद असला की माणसं सरकून जागा करतात.

इथेच मला शाळेची बस चालवणारा एक गृहस्थ भेटला. तोही १९७५वाला, पण त्याचा सेट मिनी. ही एक मजेशीर भानगड आहे. त्या वर्षी टॉप्सनं तेच ६६० खेळाडू, तेच फोटो, तेच रंग, पण जरा लहान आकारात छापून पाहिले. सव्वादोन इंच रुंद, तीन इंचांहून किंचित उंच. पुठ्ठा वाचतो का याची चाचणी असावी. ती कार्डं देशभर गेली नाहीत. मिशिगन आणि पश्चिम किनारा अशा मोजक्याच भागांत विकली गेली. हा तेव्हा नऊ वर्षांचा, लान्सिंगजवळ राहणारा. कार्डं एवढीच असतात अशी त्याची समजूत. पुढच्या वर्षी वडिलांची बदली झाली, कुटुंब न्यू जर्सीत आलं, आणि नव्या शाळेत त्यानं मधल्या सुट्टीत आपला गठ्ठा बाहेर काढला. पोरांनी त्यांची कार्डं शेजारी ठेवली. याची सगळी आखूड. "ही खोटी आहेत," असं ठरलं. वर्षभर त्याच्याशी कुणी अदलाबदल केली नाही.

हे मला त्यानं अगदी सहज सांगितलं, समोर माझे नंबर शोधता शोधता. आज मिनी कार्डांना मोठ्यांपेक्षा जास्त भाव आहे, पण त्याला त्याबद्दल बोलायचं नव्हतं. नव्या शाळेत नवं पोर आलं की ओळख करून घ्यायला कार्डं हाच रस्ता होता आणि त्याचा तो बंद झाला, हे त्याला सांगायचं होतं. आता तो त्याच कार्डांचा सेट पुरा करतो आहे.

मला त्याच्याकडून हवा होता ४०७ नंबर, हर्ब वॉशिंग्टन. या माणसाबद्दल किती बोलू असं मला होतं. प्रत्येक कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा चेंडू काढलेला असतो आणि त्यात खेळाडूची जागा लिहिलेली असते. चेंडू टाकणारा पिचर, त्याचा चेंडू झेलणारा कॅचर, लांबवर उभं राहून राखण करणारे आउटफिल्डवाले. हर्ब वॉशिंग्टनच्या चेंडूत लिहिलं आहे 'पिंच रनर'. म्हणजे फक्त दुसऱ्याच्या वतीनं धावणारा. हा मिशिगन स्टेट विद्यापीठाचा धावपटू, ५० आणि ६० यार्डांच्या शर्यतीतला विश्वविक्रमवीर. ओकलंड ॲथलेटिक्सच्या चार्ली फिन्ली या मालकाच्या मनात आलं की संघात एक माणूस निव्वळ पळण्यासाठी ठेवावा. १९७४ आणि १९७५ मिळून हर्ब १०५ सामने खेळला. एकदाही बॅट हातात घेऊन उभा राहिला नाही. ३१ बेस चोरले, म्हणजे फटका बसण्याची वाट न पाहता पळून पुढचा टप्पा गाठला, आणि ३३ धावा काढल्या. १९७४च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेच्या, दुसऱ्या सामन्यात शेवटच्या डावात त्याला मोक्याच्या क्षणी धावायला पाठवलं आणि माइक मार्शल या पिचरनं त्याला पहिल्या बेसवरच गाफील गाठून बाद केलं. ओकलंडनं सिरीज तरीही जिंकली. पुढच्या मेमध्ये हर्बला संघातून मोकळं केलं, म्हणजे मुलांच्या हातात त्याचं कार्ड येत होतं त्या उन्हाळ्यात तो मैदानावर नव्हताच. क्रिकेटमध्ये आपल्याकडे रनर असायचा. आयसीसीनं २०११मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांतून तो काढून टाकला. पण रनर हाच ज्याचा पेशा, असा माणूस आपल्याकडेही कधी झाला नाही.

बाजारात या कार्डाला फार पैसे पडत नाहीत. पण बसवाला मिशिगनचा, आणि हर्ब मिशिगन स्टेटचा. त्याच्याकडे मोठ्या आकारातला हर्ब जास्तीचा होता आणि तो काही तो असा-तसा द्यायला तयार नव्हता. "तुझ्याकडे मिनी काय आहे?" मी म्हटलं, काहीच नाही. "मग शोध," तो म्हणाला, "तोवर हा तुझ्या नावानं ठेवतो." त्यानं खरोखरच कार्डाच्या प्लास्टिकवर चिकटपट्टी लावून माझं नाव लिहिलं. स्पेलिंग दोनदा विचारून.

सॅक्रामेंटोजवळ माझी भाची राहते. पश्चिम किनारा म्हणजे मिनीचं माहेर. तिला मी आकडे कळवले. "मावशी, हे काय लॉटरीचे नंबर आहेत का?" असं म्हणत म्हणत ती एका जुन्या वस्तूंच्या दुकानात गेली आणि बसवाल्याच्या यादीतली चार कार्डं तिला मिळाली. तिनं पाठवलेल्या पाकिटाचं मला इतकं कौतुक वाटलं की मी ते उघडायला वेळ लावला. आम्हा लोकांमध्ये टपालाची एक शिस्त असते. कार्ड आधी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, मग कडक प्लास्टिकच्या टॉपलोडरमध्ये. वरून ते घसरू नये म्हणून पट्टी, पण साधी सेलोटेप कधीच नाही, ती चिवट चिकटते. रंगारी लोक वापरतात ती निळी कागदी टेप लावायची आणि तिचं एक टोक आत दुमडून ठेवायचं, म्हणजे उघडणाऱ्याला चिमटीत धरायला जागा मिळते. मी हे भाचीला फोनवर एकदाच सांगितलं होतं. चारही टॉपलोडरवर निळी टेप होती आणि चारही टोकं नीट दुमडलेली.

अनोळखी माणसाकडून पाकीट आलं की मी आधी ते दुमडलेलं टोक पाहते. ते असलं की माणूस कळतो. बहुतेक जण ठरल्यापेक्षा दोन-चार कार्डं जास्त घालतात, तुमच्या आवडीच्या संघाची, न मागता. त्यांचा हिशेब धरायचा नसतो. पुढच्या पाकिटात आपण घालायची.

कार्डांच्या दुकानात आता 'ट्रेड नाइट' असते, संध्याकाळी उशिरापर्यंत. तिथे सगळी तरुण मुलं, सूटकेससारख्या पेट्या घेऊन आलेली. त्यांची कार्डं जाड पारदर्शक प्लास्टिकमध्ये कायमची बंद केलेली असतात, वर कार्डाच्या स्थितीला दहापैकी किती गुण ते छापलेलं. हातात घेतलं तर पुठ्ठा लागत नाही. दोघं समोरासमोर बसतात आणि आपापल्या फोनवर गेल्या आठवड्यात तेच कार्ड कितीला विकलं गेलं ते दाखवतात. मग टक्केवारी. मला ते सोसत नाही, आणि मी ते लपवत नाही. एकाला त्याच्या आजीच्या गावच्या संघाचा खेळाडू हवा होता, माझ्याकडे तो होता. त्यानं फोन काढला. मी म्हटलं, बघ, जरूर बघ. लहान मुलांशी देवाणघेवाण करताना मी नेहमीच त्यांना भाव पाहायला लावते आणि बरोबर मोठं माणूस असेल तर त्याला बोलावते, हा माझा नियम आहे. त्यानं पाहिलं. भाव जवळजवळ काहीच नव्हता. त्याचा चेहरा पडला. आजीचा खेळाडू त्याच्या डोळ्यांदेखत स्वस्त झाला होता. मी त्याला विचारलं, आजी हा खेळ बघायची का? मग तो बोलायला लागला आणि पुष्कळ वेळ बोलत राहिला. शेवटी त्यानं मला त्या बदल्यात काय दिलं ते महत्त्वाचं नाही. मला ते हवं होतं, एवढं खरं.

मराठी शाळेच्या व्हरांड्यात आमची पोरं पोकेमॉनची कार्डं घेऊन बसतात. तिथे अजून ओटीवरचा कायदा चालतो. "माझ्याकडे हे डबल आहे, तुला कुठलं हवंय?" बाराखडी येवो न येवो, हे वाक्य सगळ्यांना अस्खलित मराठीत येतं.

माझे राहिलेले नंबर मी ठरवलं तर एका संध्याकाळी मागवू शकते. साधी कार्डं डॉलर-दोन डॉलरला मिळतात, महागडी दोन-तीनच उरली आहेत. मुलगा मला वर्षभर हेच सांगतो आहे, "आई, क्लिक कर आणि मोकळी हो." पण मग माझी यादी कुणाच्या पाकिटात राहणार नाही. ओहायोत एक बाई आहे, माझ्या वयाची. आम्ही कधी भेटलेलो नाही. तिला कुठेही १९७५चं खोकं दिसलं की ती माझे नंबर शोधते. तिचे १९६८चे राहिलेले नंबर मला पाठ आहेत, माझ्या भावंडांचे फोन नंबर नसतील इतके. एका परक्या बाईच्या डोक्यात माझे रिकामे खण आहेत, ही गोष्ट क्लिक करून मिळत नाही.

बसवाल्याला त्याची चार मिनी दिली आणि ४०७ माझ्याकडे आला, त्याच्यावरची माझ्या नावाची पट्टी अजून मी काढलेली नाही. आता मामला २२३वर येऊन थांबला आहे. रॉबिन याउंट, मिनी, भाचीनंच शोधलेला, एक कोपरा जरा मऊ पडलेला. बसवाल्याला तो हवाच आहे, कारण हे त्याच्या सेटमधलं सगळ्यात अवघड कार्डांपैकी एक. बदल्यात तो ६१६ द्यायला तयार आहे, चार नवख्या आउटफिल्डरांची चार डोकी असलेलं, ज्यातलं एक पुढे गाजलेल्या जिम राइसचं. मी म्हटलं, ६१६ आणि वर तीन साधी, माझ्या यादीतली. तो म्हणतो दोन. "कोपरा मऊ आहे," असं त्यानं मागच्या रविवारी तीनदा ऐकवलं. मी त्याला सांगितलं आहे की १९७५ सालचा कुणाचाच कोपरा आता तसा राहिलेला नाही, आणि तीनच.